नागपूरहून तुवालू : व्हिसा, वाटेतले देश आणि प्रवासाची तयारी

सोनेगावकर

सर्वांना नमस्कार. पुढच्या वर्षी जून-जुलैच्या सुमारास मी आणि माझी पत्नी तुवालू या देशात जाण्याची तयारी करीत आहोत. मी शाळेत भूगोल शिकवीत असे. कंकणद्वीप कसे तयार होते, मधले खाजण आणि भोवतीची प्रवाळाची कडा कशी असते, हे फळ्यावर आकृती काढून कित्येक वर्षे सांगितले. निवृत्तीनंतर तरी ते डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा आहे.

ज्यांना हा देश ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुवालू हा प्रशांत महासागरातील नऊ बेटांचा देश आहे. नऊही बेटांची जमीन एकत्र केली तरी ती सुमारे २६ चौरस किलोमीटर भरते आणि लोकसंख्या ११ हजारांच्या आसपास आहे. ब्रिटिश अमलात एलिस बेटे या नावाने ओळखला जाणारा हा प्रदेश १ ऑक्टोबर १९७८ रोजी स्वतंत्र झाला आणि २००० साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. देशातील सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून पाच मीटरांच्या आतच आहे, त्यामुळे समुद्राची पातळी वाढण्याच्या चर्चेत या देशाचे नाव नेहमी येते.

भारतीय पासपोर्टधारकाला तिथे उतरल्यावर एक महिन्याचा व्हिसा मिळतो. त्यासाठी पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा, परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट जवळ असावे आणि राहण्याची सोय झाल्याचा पुरावा दाखविता यावा, इतपत मला समजले आहे. शहरातील एका प्रवास कंपनीत चौकशी केली असता "उतरल्यावर व्हिसा मिळतो, काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. त्याने माझे समाधान झाले नाही, कारण नागपूर ते तुवालूची राजधानी फुनाफुती या वाटेत आणखी दोन देश लागतात. तिथे कोणते कागद लागतील, पैसे कोणत्या स्वरूपात न्यावेत आणि आम्ही दोघे शाकाहारी असल्यामुळे खाण्याची काय व्यवस्था करावी, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

लक्ष्मीनगरवासी

काका, मी कामानिमित्त फिजीत राहत असताना फुनाफुतीला गेलो होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या प्रवासात तुवालूचा व्हिसा हा सर्वांत सोपा भाग आहे. अडचण आली तर ती फुनाफुतीच्या विमानतळावर येत नाही, ती मुंबईच्या चेक-इन खिडकीवर किंवा सिंगापूरला येते. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला आपण शेवटच्या मुक्कामापर्यंत आणि तिथून परत कसे जाणार, याची खात्री पटावी लागते. प्रवाशाला समोरच्या देशाने प्रवेश नाकारला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी आणि दंड विमान कंपनीवर येतो. समोरच्या कर्मचाऱ्याने तुवालूचे तिकीट यापूर्वी कधी पाहिलेले नसण्याची शक्यता मोठी असते. तो संगणकावर नियम शोधतो, वरिष्ठाला विचारतो आणि तोवर आपण खिडकीसमोर उभे असतो. म्हणून सर्व तिकिटे, हॉटेलचे किंवा अतिथिगृहाचे पत्र आणि तुवालूच्या प्रवेशनियमांची छापील प्रत एका फाइलमध्ये, प्रवासाच्या क्रमाने लावलेली असावी. मोबाइलवर दाखवता येते हे खरे, पण छापील कागद कर्मचाऱ्याला वरिष्ठाकडे घेऊन जाता येतो.

आता वाट. फुनाफुतीला जाणारे नेहमीचे विमान फिजीतील सुवा येथून सुटते. तेही रोज नसते, आठवड्यातून मोजकेच दिवस असते आणि विमान लहान, पंख्यांचे असते. म्हणजे आधी फिजीला पोहोचणे आले. भारतातून फिजीला थेट विमान नाही. सिंगापूरहून फिजीतील नाडी येथे थेट विमान जाते आणि ते सुमारे दहा तासांत पोहोचते. भारतीयांसाठी हीच वाट सर्वांत सरळ आहे. हाँगकाँगहूनही जाता येते.

ऑस्ट्रेलियामार्गे तिकीट स्वस्त दिसले तर लगेच घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर सिडनी किंवा ब्रिस्बेनला केवळ विमान बदलायचे असले तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो विनाशुल्क असतो आणि ७२ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी मिळतो, परंतु अर्ज आधी करावा लागतो. न्यूझीलंडमार्गे गेल्यासही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेमार्गे जायचे तर विमानतळाबाहेर न पडताही तिथला व्हिसा असावाच लागतो. तिकीट शोधणाऱ्या संकेतस्थळांवर हे कुठेही लिहिलेले नसते. ती केवळ भाडे आणि वेळ दाखवितात.

सिंगापूरला विमानतळाच्या आतच राहून विमान बदलणार असाल तर व्हिसा लागत नाही. मात्र इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तो नीट वाचावा. मुंबई ते सिंगापूर आणि सिंगापूर ते नाडी ही तिकिटे वेगवेगळ्या आरक्षणांवर काढली आणि सामान थेट नाडीपर्यंत टॅग झाले नाही, तर सिंगापूरला बाहेर येऊन सामान घ्यावे लागते आणि पुन्हा चेक-इन करावे लागते. बाहेर येणे म्हणजे सिंगापूरमध्ये प्रवेश करणे, आणि त्यासाठी भारतीयांना व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा काही देशांचा वैध व्हिसा ज्यांच्याजवळ आहे त्यांना अटींसह ९६ तासांची सवलत मिळू शकते, पण आपल्यासारख्या बहुतेकांकडे तो नसतो. म्हणून मुंबई ते नाडी एकाच तिकिटावर काढा, त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील. एक तिकीट असले की पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढची व्यवस्था करणे ही कंपनीची जबाबदारी ठरते.

फिजीत भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. चार महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी उतरल्यावरच मिळते. तिथेही परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि पुरेसे पैसे यांची विचारणा होऊ शकते. नाडी विमानतळ बेटाच्या पश्चिमेला आणि सुवा पूर्वेकडे आहे. रस्त्याने सुमारे १९० किलोमीटर आणि चार तासांच्या आसपास प्रवास आहे, बस चांगल्या असतात, आणि विमानाने गेल्यास अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. सुवाचा विमानतळ शहरात नसून नौसोरी या गावाजवळ, शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. नाडीला उतरल्याच दिवशी फुनाफुतीचे विमान पकडण्याचा बेत करू नये. सुवात एक-दोन रात्री मुक्काम ठेवा.

परतीच्या वेळी याहून अधिक मोकळीक हवी. फुनाफुतीचे विमान हवामानामुळे किंवा तांत्रिक कारणाने रद्द झाले तर पुढचे विमान दुसऱ्या दिवशी असेलच असे नाही. फुनाफुतीहून परतणे आणि नाडीहून सिंगापूरला निघणे यांच्यात तीन-चार दिवस तरी असावेत. हे दिवस वाया जात नाहीत, सुवात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

रामदासपेठ

अतिशय उपयुक्त माहिती. एक शंका आहे. फिजीत आपण दोनदा प्रवेश करणार, एकदा जाताना आणि एकदा येताना. दोन्ही वेळा परवानगी नव्याने मिळते का? आणि फिजीच्या अधिकाऱ्याने पुढचे तिकीट विचारले तर तुवालूचे दाखवायचे की भारताचे?

लक्ष्मीनगरवासी

होय, प्रत्येक प्रवेशाला परवानगी नव्याने दिली जाते. जाताना तुवालूचे तिकीट आणि भारतात परतण्याचे तिकीट अशी दोन्ही दाखवावीत. तुवालूला उतरल्यावर तेथील अधिकारी सुवाला परतण्याचे तिकीट पाहतो. म्हणूनच फुनाफुतीचे तिकीट जाण्यायेण्याचे एकत्र काढावे. "तिथे गेल्यावर परतीचे पाहू" हा विचार या मार्गावर चालत नाही.

कागदपत्रे

मी पासपोर्ट आणि व्हिसाच्या अर्जांचे काम करतो, म्हणून माझ्या कामाशी निगडित तेवढेच लिहितो.

सर्वांत आधी पासपोर्ट उघडून अंतिम तारीख पाहा. सहा महिन्यांचा हिशेब नागपुरातून निघण्याच्या दिवसापासून करू नये, भारतात परत येण्याच्या दिवसापासून करावा आणि त्यावर आणखी काही आठवडे धरावेत, कारण विमान रद्द होऊन मुक्काम लांबला तर पंचाईत नको. नूतनीकरण करायचे असेल तर नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करून पोलीस पडताळणीसाठी वेळ राखून ठेवावा. तिकिटे काढल्यानंतर नवा पासपोर्ट आला तर क्रमांक बदलतो आणि प्रत्येक आरक्षणात तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. त्यामुळे आधी पासपोर्ट आणि मग तिकिटे, हा क्रम पाळावा.

दुसरा मुद्दा नावाचा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी पद्धत आहे. पासपोर्टवर पहिली दोन नावे एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्या रकान्यात असते. तिकीट काढताना काहीजण मधले नाव गाळतात. वेगवेगळ्या देशांतून आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांतून जाताना हा फरक कुणाच्या तरी डोळ्यांत भरतो. चारही प्रवासांची तिकिटे, अतिथिगृहाचे पत्र आणि विमा यांवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः सारखे असावे. ज्या भगिनींच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आहे त्यांनी सर्वत्र तेच वापरावे. विवाहाच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवली की पुरते.

पासपोर्ट हरविला तर काय, याचा विचार इतर देशांपेक्षा इथे अधिक गंभीरपणे करावा. तुवालूत भारताचे कार्यालय नाही. सुवा येथील भारतीय उच्चायोग तुवालूचेही काम पाहतो. म्हणजे पर्यायी प्रवासपत्र ज्या शहरात मिळणार तिथे जायलाच समुद्र ओलांडावा लागेल. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या प्रती, चार-सहा छायाचित्रे आणि उच्चायोगाचा पत्ता व दूरध्वनी मूळ पासपोर्टपासून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. एक संच नागपूरला घरच्यांकडेही द्यावा.

सोनेगावकर

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या पासपोर्टची मुदत पुढच्या वर्षाच्या अखेरीस संपते आहे, म्हणून नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरतो. आता खाण्याविषयी कुणी सांगावे. पत्नी म्हणते की प्रवासासाठी चिवडा, मेतकूट, थोडा सावजी मसाला आणि यजमानांना देण्यासाठी संत्रा बर्फी न्यावी.

धरमपेठची लेक

काका, माझे सासर सुवाचे नाही, पण नोकरीमुळे आम्ही फिजीत राहिलो आहोत आणि सध्या सिंगापुरात आहोत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटते. काकूंना सांगा की यादीतील दोन वस्तू घरीच ठेवाव्यात.

पहिली, सावजी मसाला. त्यात बहुधा खसखस असते, आणि सिंगापुरात खसखस नेण्यास मनाई आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली पाहिली जाते. आखाती देशांतून प्रवास करणाऱ्यांनाही हे लागू आहे. नागपूरहून दोहा किंवा शारजामार्गे जाणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. खसखस लावलेले अनारसेसुद्धा नकोत. आपल्या घरात जो पदार्थ दिवाळीचा, तो दुसऱ्या देशाच्या कायद्यात गुन्हा ठरू शकतो. आणि तो नकळत नेला होता, हे सांगून सुटका होत नाही. सोबत कुणी खर्रा किंवा तंबाखू खाणारे असतील तर त्यांनाही स्पष्ट सांगावे. चघळण्याच्या तंबाखूवर सिंगापुरात पूर्ण बंदी आहे. आपल्या भागात खिशात पुडी असणे इतके अंगवळणी पडले आहे की माणसाला ती जवळ आहे हेच आठवत नाही, म्हणून निघण्याआधी प्रत्येक खिसा आणि पिशवीचा प्रत्येक कप्पा तपासावा.

दुसरी वस्तू संत्रा बर्फी. फिजीचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत. दुधाचे पदार्थ, मध, मांस, ताजी फळे, भाज्या, बियाणे यांवर निर्बंध आहेत. बेटांवरच्या शेतीला आणि जनावरांना बाहेरची एखादी कीड किंवा रोग पुरेसा असतो, आणि तो एकदा शिरला की समुद्राने वेढलेल्या जागेत त्याला आवरणे कठीण जाते, म्हणून हे नियम मनापासून पाळण्यासारखे आहेत. खाण्याची कोणतीही वस्तू असेल तर आगमनाच्या फॉर्मवर "होय" अशीच खूण करावी. घोषित केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपविलेल्या वस्तूवर दंड होतो. कढीपत्ता, लिंबे, हिरव्या मिरच्या अजिबात नेऊ नयेत. कारखान्यात बंद केलेली, घटकांची यादी छापलेली कोरडी पाकिटे न्यावीत आणि तीही घोषित करावीत.

फिजीत शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. १८७९ साली 'लिओनिदास' या जहाजातून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांची पहिली तुकडी तिथे उतरली आणि १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार भारतीय तिथे नेले गेले. त्यांच्या वंशजांच्या खानावळींत रोटी, डाळ, भाजी सहज मिळते, आणि फिजी हिंदीत बोलणारी माणसे आपुलकीने चौकशी करतात.

फुनाफुतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे. प्रवाळाच्या जमिनीवर माती फार थोडी. जेवणात मासे, नारळ, भात आणि जहाजाने आलेला डबाबंद माल मुख्य. पुलाका हे अळूच्या जातीचे कंदपीक खड्ड्यांत घेतले जाते, पण जमिनीखालून खारे पाणी वर येऊ लागल्यामुळे ते खड्डे खराब होत आहेत. तैवानच्या मदतीने चालणाऱ्या बागेतून थोडी ताजी भाजी मिळते. जहाज उशिरा आले तर दुकानांतील फळ्या रिकाम्या होतात. त्यामुळे अतिथिगृहाला आधीच पत्र लिहून शाकाहारी असल्याचे कळवा, आणि त्यात मासे व अंडीही चालत नाहीत असे वेगळे लिहा, कारण अनेक ठिकाणी मासे नसलेले जेवण कुणी कल्पनेतही आणत नाही. डाळ, तांदूळ, तेल, चहापत्ती हे सुवाच्या दुकानांतून विकत घेऊन नेणे सोयीचे पडते. पण लहान विमानात सामानाच्या वजनाची मर्यादा काटेकोर असते, तेव्हा तिकिटावरचा आकडा पाहूनच खरेदी करावी. आणि तुवालूत उतरल्यावरही ते घोषित करावे लागते.

वैद्य

मी डॉक्टर आहे आणि ज्येष्ठ प्रवाशांसाठी काही गोष्टी आग्रहाने सांगू इच्छिते.

फुनाफुतीत प्रिन्सेस मार्गारेट हे देशातील एकमेव रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला पुढील उपचारांसाठी फिजीला किंवा त्याही पलीकडे न्यावे लागते. म्हणून प्रवास विमा घेताना केवळ हप्ता पाहू नका. वैद्यकीय कारणासाठी विमानाने दुसऱ्या देशात हलविण्याचा खर्च त्यात आहे का, त्याची मर्यादा किती, पूर्वीपासून असलेला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार त्यातून वगळलेला तर नाही ना, आणि तुवालूचे नाव समाविष्ट देशांत आहे का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत व उत्तर लेखीच घ्यावे. अर्जात आजार लपवू नयेत. ऐन वेळी दावा त्याच कारणाने फेटाळला जातो.

फिजी आणि तुवालू या दोन्ही ठिकाणी मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे आणि त्याच्या साथी येतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि डासांना दूर ठेवणारे मलम जवळ असावे. हिपॅटायटिस ए आणि विषमज्वराच्या लशींविषयी निघण्याच्या दोन महिने आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. भारतातून थेट जाणाऱ्याला पीतज्वराचे प्रमाणपत्र लागत नाही. ते पीतज्वर असलेल्या देशांतून येणाऱ्यांसाठी आहे. मांसाहारी वाचकांसाठी एक सूचना आहे. प्रवाळाजवळच्या काही मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठते आणि ते शिजविल्याने नाहीसे होत नाही. म्हणून कोणता मासा खावा हे स्थानिकांना विचारूनच ठरवावे.

औषधे मुक्कामापेक्षा निदान दोन आठवडे जास्त पुरतील इतकी घ्यावीत, मूळ पाकिटातच ठेवावीत आणि सोबत औषधाच्या मूळ नावासह डॉक्टरांची चिठ्ठी असावी. सगळी औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांसाठी सिंगापुरात आधी परवानगी लागू शकते, तेव्हा त्या आवश्यक असतील तर आधी चौकशी करावी.

आपण नागपूरकर उन्हाला सरावलेले असतो आणि मे महिन्यातील ४५ अंश सोसतो, म्हणून तिथल्या ३० अंशांचे काय, असे वाटते. आपले ऊन कोरडे असते. तिथे बारा महिने दमट हवा असते, घाम वाळत नाही, आणि वाळू व पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन सावलीतही लागते. पाणी आणि मिठाचे प्रमाण सांभाळा.

सोनेगावकर

आपण सांगितलेले चार प्रश्न मी दोन विमा कंपन्यांना लिहून पाठविले आहेत. पैशांविषयी कुणी सांगू शकेल काय?

इतवारी

तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो. देशातील पहिले एटीएम २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, त्यापूर्वी सर्व व्यवहार रोखीनेच होत. एटीएम आले म्हणून त्याच्या भरवशावर जाऊ नये. राहण्याचे, जेवणाचे, नावेचे आणि व्हिसाचे पैसे पुरतील इतके रोख ऑस्ट्रेलियन डॉलर नागपुरातूनच न्यावेत, आणि त्यावर विमान चुकल्यास वाढणाऱ्या मुक्कामाचा खर्च वेगळा बांधून ठेवावा.

नागपुरात अधिकृत परकीय चलन विक्रेत्यांकडे ऑस्ट्रेलियन डॉलर मिळतात, पण पाच, दहा आणि वीसच्या लहान नोटा हव्यात असे आठवडाभर आधी सांगून ठेवावे. छोट्या दुकानात शंभराच्या नोटेचे सुटे मिळणे अवघड जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकन डॉलरांइतक्या मूल्याच्या नोटा नेता येतात, उरलेली रक्कम कार्डावर. रुपयांत रोख देऊन चलन घ्यायचे तर ते ५० हजार रुपयांच्या आतच, त्याहून अधिक रकमेसाठी बँकेतून पैसे द्यावे लागतात. पावती जपून ठेवा. फिजीचे डॉलर भारतात शोधत बसू नका, नाडी विमानतळावर बदलून घेता येतात आणि फिजीत कार्डही चालते.

टपाल तिकिटे

माझा प्रश्न विषयाला थोडा लागून आहे. तुवालूची टपाल तिकिटे जगभरचे संग्राहक जमवितात आणि फुनाफुतीत त्यांचे टपाल तिकिटांचे स्वतंत्र कार्यालय आहे. काकांना शक्य झाल्यास तेथून स्वतःच्याच पत्त्यावर एक पाकीट टपालाने पाठवावे. ते पोहोचायला कितीही काळ लागो, त्यावरचा शिक्का दुर्मीळ असेल.

मानेवाडा

सर्वांनी इतके मनापासून लिहिले आहे, तरी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. ज्या देशातील लोक समुद्रापुढे आपले घर टिकेल की नाही या चिंतेत आहेत, तिथे आपण पाहायला म्हणून जाणे योग्य आहे का? तेथील पाणी आणि अन्न मुळातच थोडे असताना आपण त्यात वाटेकरी होतो.

लक्ष्मीनगरवासी

प्रश्न अगदी रास्त आहे आणि प्रत्येक प्रवाशाने तो जाण्यापूर्वी स्वतःला विचारावा. माझे मत असे की जावे, पण पाहुण्यासारखे जावे.

पाण्याची गोष्ट आधी सांगतो. बेटावर नदी नाही, आणि जमिनीखालचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. छपरावर पडणारा पाऊस टाक्यांत साठवून लोक वर्ष काढतात. फुनाफुतीत वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे नागपूरच्या तिप्पट, तरीही काही महिने पाऊस न झाल्यास हाहाकार उडतो. २०११ साली अशा दुष्काळात सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती आणि घरटी मोजून पाणी दिले जात होते. विदर्भातील माणसाला पाण्याची टंचाई समजावून सांगावी लागत नाही. अंघोळ एका बादलीत, कपडे शक्यतो सुवात धुवून न्यायचे, आणि पाऊस किती झाला हे यजमानांना विचारून त्याप्रमाणे वागायचे. बेटावर कचरा टाकायला जागा नाही, म्हणून प्लॅस्टिकची वेष्टने सुवातच काढून टाकावीत आणि तिथे निर्माण झालेले, विशेषतः बॅटरीचे सेल, परत आणावेत.

समुद्राविषयी तिथल्या लोकांना दयेने बोललेले आवडत नाही. आपल्या देशाचे भवितव्य काय, हा विचार ते आपल्यापेक्षा कितीतरी अधिक करीत आले आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाशी त्यांनी फालेपिली करार केला, त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तिथे जाऊन राहण्याचा मार्ग मोकळा झाला. जावे की राहावे, यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत. आपण ऐकावे, आपले निष्कर्ष सांगू नयेत. "तुमचा देश बुडणार ना?" हा प्रश्न तर कुणालाही विचारू नये.

रविवार चर्चचा आणि विश्रांतीचा दिवस असतो. त्या दिवशी नावेची सफर किंवा खरेदी यांचा बेत ठेवू नका. चर्चमध्ये बाहेरच्यांचेही स्वागत होते आणि तिथले समूहगान ऐकण्यासारखे असते. गावात वावरताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. गावाच्या सभागृहाला मानेआपा म्हणतात, तिथे गेल्यास इतरांप्रमाणे जमिनीवर बसावे आणि छायाचित्र काढण्याआधी विचारावे. संध्याकाळी विमानांची वेळ नसते तेव्हा धावपट्टीवर मुले-माणसे खेळायला येतात. विमान येण्याआधी भोंगा वाजतो आणि सगळे बाजूला होतात. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बांधली, आणि एवढ्या चिंचोळ्या बेटावर तेवढीच मोकळी जागा उरली आहे.

काका, आपला विषय कंकणद्वीप असल्यामुळे एक दिवस फुनाफुतीच्या संरक्षित सागरी क्षेत्रासाठी नक्की राखून ठेवा. १९९६ साली स्थापन झालेले हे ३३ चौरस किलोमीटरचे क्षेत्र खाजणाच्या पश्चिम बाजूला आहे. तिथे नावेने जावे लागते आणि त्यासाठी काउपुले, म्हणजे बेटाच्या पंचायतीच्या कार्यालयात आधी विचारावे लागते. आपण जी कडा आणि जे खाजण फळ्यावर काढीत होता, ते एकाच वेळी दोन्ही बाजूंना दिसते. जून-जुलै हा काळ आपण योग्य निवडला आहे. नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हा पावसाचा आणि वादळांचा हंगाम असतो, फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीत पाणी वस्तीतही येते. मार्च २०१५ मध्ये पाम या चक्रीवादळाने तिथे फार नुकसान केले होते. इतर आठ बेटांचा विचार मात्र सोडून द्यावा. तिथे विमान जात नाही, जहाजाचे वेळापत्रक हवामानावर अवलंबून असते आणि परतीच्या तिकिटाशी त्याचा मेळ बसत नाही.

मानेवाडा

उत्तर पटले. आभारी आहे.

रामदासपेठ

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. तिथले प्लग ऑस्ट्रेलियन पद्धतीचे, तिरप्या चपट्या पिनांचे असतात, त्याचा अडॅप्टर सीताबर्डीत मिळतो. वेळ भारतापेक्षा साडेसहा तासांनी पुढे आहे, तेव्हा घरी फोन करण्याची वेळ आधीच ठरवावी, आणि आपल्या सिमकार्डाच्या रोमिंगवर विसंबू नये.

सोनेगावकर

आपणा सर्वांच्या सांगण्याप्रमाणे मुंबई ते नाडी एकाच तिकिटावर, सुवात जाताना दोन आणि येताना चार रात्री, असा आराखडा केला आहे. अतिथिगृहाला पत्र लिहिले आहे. एकच निर्णय बाकी आहे. नागपूरहून मुंबईला त्याच दिवशी विमानाने जावे की आदल्या रात्रीच्या दुरांतोने? जूनमध्ये मुंबईला पाऊस सुरू झालेला असतो, हे मनात आहे.

कागदपत्रे

सिंगापूरचे विमान रात्रीचे असेल तर आदल्या रात्रीची दुरांतो बरी. सकाळी पोहोचल्यावर दिवसभराची मोकळीक राहते. पण मुसळधार पावसात रेल्वेही खोळंबते, म्हणून ज्येष्ठांसाठी मी आदल्या दिवशीचे सकाळचे विमान आणि विमानतळाजवळ एक रात्र मुक्काम हाच सल्ला देतो. नागपूर-मुंबईचे तिकीट वेगळ्या आरक्षणावर असणार, तेव्हा ते चुकल्यास पुढची कंपनी थांबत नाही. आणि नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सामान देताना ते मुंबईपर्यंतच टॅग झाले आहे, हे पावतीवर वाचून घ्या.